प्रिंटरचा कारभारी कोण?

जुन्या मराठी पुस्तकाचे पहिले पान उलटले की मागच्या बाजूला बारीक टायपात मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो. त्यातल्या कितीतरी पत्त्यांचा शेवट ‘गिरगाव, मुंबई ४’ असा होतो. ही नोंद मुद्रकांनी हौसेने केलेली नाही. १८६७ च्या ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’ कायद्याने ती सक्तीची केली. शिवाय छापखाना बाळगणाऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन तो कुठे आहे आणि आपल्या ताब्यात आहे असे लिहून द्यावे लागे. अठराशे सत्तावन्न अनुभवलेल्या सरकारला छापील कागदाची धास्ती होती, तेव्हा हेतू काही उदात्त नव्हता. पण परिणाम असा झाला की छापणारे प्रत्येक यंत्र कुणाच्या तरी नावावर असे. कायद्यानंतर दोनच वर्षांनी जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, पुढे गिरगावातल्या खटाववाडीत मौज छापखाना आला. कंपोझिटर, मशीनमन, मुद्रितशोधक अशी माणसे ठरलेली होती आणि काही चुकले तर हाक कुणाला मारायची हे सगळ्यांना ठाऊक होते.

त्याच गल्ल्यांत आता छापखाने मोजके उरले आहेत. छापणारी यंत्रे मात्र पूर्वीच्या कितीतरी पट झाली. ठाकूरद्वारच्या सीएकडे, दादरच्या क्लासमध्ये, परळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, लालबागच्या पतपेढीत आणि गणेश मंडळाच्या कार्यालयात, लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांत एक तरी प्रिंटर नेटवर्कला जोडलेला असतोच. हा प्रिंटर कुणाकडे आहे, असे विचारले तर उत्तर येते, “एएमसीवाला येतो ना!” एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, येतो, कार्ट्रिज बदलतो, रोलर पुसतो, सही घेऊन जातो. त्या यंत्राचा पासवर्ड काय, नेटवर्कवरचा पत्ता कोणता, आतला प्रोग्राम किती जुना आणि आतल्या डिस्कवर काय साठले आहे, हे त्याच्या करारात नसते. मालकाच्या यादीत तर प्रिंटर पंखे आणि वॉटर कूलरच्या खालच्या ओळीत असतो. वास्तविक त्याच्या पोटात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, स्वतःचा छोटा वेब सर्व्हर आहे. तो संगणक आहे, आणि कार्यालयातला प्रत्येक गोपनीय कागद त्याच्यातून जातो. त्याला नावानिशी कारभारी नसणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

प्रिंटर बंद पडला तर असे काय मोठे बिघडते? याचे सर्वांत महाग उत्तर ढाक्यात मिळाले. ५ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार, बांगलादेशात सुटीचा दिवस. बांगलादेश बँकेच्या मुख्यालयात स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेचे संदेश आपोआप छापणाऱ्या प्रिंटरचा ट्रे रिकामा दिसला. ड्युटीवरच्या माणसांना वाटले, नेहमीचाच बिघाड असेल. प्रत्यक्षात चोरट्यांनी बँकेच्या संगणकांत शिरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला सुमारे ९५ कोटी डॉलर वळते करण्याचे आदेश आदल्या रात्रीच धाडले होते, आणि त्याची पोच कागदावर उतरू नये म्हणून प्रिंटर मुका केला होता. तो पुन्हा चालू झाला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या विचारणांचे कागद बाहेर पडू लागले. तोवर १० कोटी १० लाख डॉलर निघून गेले होते. त्यातले ८ कोटी १० लाख फिलिपाईन्समध्ये पोचले.

दोन वर्षांनी तोच डाव भारतात पडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेत स्विफ्टला जोडलेला प्रिंटर बंद पाडला गेला. पोचपावत्या छापल्या गेल्या नाहीत, आणि जवळपास २० लाख डॉलरचे तीन व्यवहार दुबई, तुर्कस्तान आणि चीनच्या दिशेने सुटले. दुसऱ्या दिवशी ताळमेळ घेताना ते उघडकीस आले. दुबईची रक्कम वेळीच अडवता आली. दोन्ही ठिकाणी चोरांनी प्रिंटरच्या वाईट लौकिकाचा फायदा उचलला. जे यंत्र रोजच रुसते, त्याच्या रुसण्यावर शंका कोण घेणार?

यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घातली, आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि मग डिसेंबर २०१९ मध्ये अधिक तपशिलाने. गिरगाव-दादरच्या सहकारी बँका त्या चौकटीत येतात. शेजारच्या पतपेढ्या येत नाहीत, कारण त्या सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या. तिथे ठेवीची पावती ज्या प्रिंटरवर छापली जाते त्याची चौकशी करणारा कुणी नाही. हिशेबतपासनीस व्हाउचर बघतो, यंत्र बघत नाही.

पण प्रिंटरचा लौकिक इतका वाईट का झाला? बहुतेक वेळा कारण अगदी साधे असते. राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, तो ठरावीक मुदतीपुरता उसना. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पत्त्यांची वाटणी नव्याने होऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीड कोसळून सगळ्या मुंबईची वीज गेली होती. तसे दिवस दुर्मीळ, पण राउटरचा प्लग चहाच्या इलेक्ट्रिक किटलीसाठी काढला जाणे काही दुर्मीळ नाही. प्रिंटरला नवा पत्ता मिळतो, संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ उमटते. मग कुणीतरी प्रिंटर नव्याने जोडतो. यादीत त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ तयार होते, पुढच्या महिन्यात ‘कॉपी २’. कोणती कॉपी खरी, हे नव्याने लागलेली मुलगी पहिल्या आठवड्यात अनुभवाने शिकते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता त्याच्या नावे राखून ठेवला की ही कटकट बव्हंशी संपते. पाच मिनिटांचे काम. ते होत नाही, कारण राउटरचा पासवर्ड इंटरनेटवाल्याकडे, प्रिंटर एएमसीवाल्याकडे, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही.

गिरगावच्या जुन्या इमारतींत आणखी एक तिढा असतो. भिंती जाड, वाय-फाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. मग कुणीतरी दुसरा राउटर आणून पोटमाळ्यावर बसवतो. हा दुसरा राउटर बहुधा स्वतःचे वेगळे नेटवर्क मांडून बसतो, आणि कोणत्या बाजूला कोण बसले आहे त्यावर प्रिंटर दिसणे न दिसणे ठरते. अशा जागेत भिंतीला एक भोक पाडून केबल ओढणे स्वस्त पडते. घरमालकाची परवानगी काढणे हा भाग वेगळा!

बाकी रोजच्या तक्रारी किरकोळ म्हणाव्या अशा. सॉफ्टवेअर अमेरिकन लेटर आकाराचा कागद गृहीत धरते, ट्रेमध्ये असतो ए-फोर, आणि प्रिंटर दिवा लुकलुकवत कागदाची वाट बघत बसतो. वकिलांकडे त्यात लीगल कागदाची भर. पावसाळ्यात रिमचे वेष्टण फाडून ठेवले की कागद दमट होतो, कडा वळतात आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात.

किरकोळ नसलेली गोष्ट २०२१ ची. कागद छापण्यापूर्वी संगणक तो रांगेत लावतो. विंडोजमधल्या या रांग लावणाऱ्या भागाला स्पूलर म्हणतात. हा भाग फार जुना, आणि संगणकावर त्याला भरपूर अधिकार. इराणच्या अणुकेंद्रावर सोडलेल्या आणि २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने पसरण्यासाठी स्पूलरमधल्याच एका खिंडाराचा वापर केला होता. जून २०२१ च्या अखेरीस त्यात आणखी एक मोठे खिंडार असल्याचे उघड झाले. त्याला ‘प्रिंटनाइटमेअर’ असे नाव पडले, आणि मायक्रोसॉफ्टला जुलैत तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या अपडेटनी नेटवर्क प्रिंटिंगचे नियम कडक केले.

त्याचा फटका बसला तो एका संगणकाला प्रिंटर जोडून तो बाकीच्यांना ‘शेअर’ करणाऱ्या छोट्या कार्यालयांना. लोहार चाळ-काळबादेवी पट्ट्यातल्या दुकानांत टॅलीवर बिल होते आणि तीन प्रतींच्या कार्बन स्टेशनरीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ते करकरत छापतो. लेझर प्रिंटरला कार्बन प्रत काढता येत नाही, म्हणून हे यंत्र टिकून आहे. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर अशा शेअर केलेल्या प्रिंटरशी जोडताना ‘11बी’ने संपणारी एक एरर येऊ लागली. तोड लगेच मोबाइलवरून फिरली: अपडेट काढून टाका, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत अमुक नोंद शून्य करा. बिल छापू लागले, दुकान सुरू झाले. दुकानदाराला दोष देता येणार नाही, त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभे होते. मात्र ती शून्य केलेली नोंद म्हणजे मुद्दाम काढून ठेवलेले कुलूप. ते पुन्हा लावायचे कुणी लक्षात ठेवले असेल तर आश्चर्य. नेटवर्कची सोय असलेला प्रिंटर घेऊन प्रत्येक संगणकावरून थेट त्याच्या पत्त्यावर कागद पाठवला, तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी अडचण कार्ट्रिजची. लॅमिंग्टन रोडवर मूळ कार्ट्रिजच्या किमतीच्या काही हिश्श्यात टोनर भरून मिळतो, आणि मुंबईतली बहुतेक छोटी कार्यालये त्यावरच चालतात. कंपन्यांना हे खुपते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी जगभर एकाएकी दुसऱ्यांची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. आधीच्या एका अपडेटमध्ये ती सोय करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, पण धडा गिऱ्हाइकांनी घेतला: प्रिंटरचे अपडेट बंद ठेवावे. रिफिल करणारा तंत्रज्ञही तोच सल्ला देतो. सुरक्षेची दुरुस्ती आणि कार्ट्रिजचा पहारा एकाच पुडीत बांधून देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाला सुरक्षेवर पाणी सोडायला शिकवले. या बाबतीत दोष कार्यालयांपेक्षा कंपन्यांचा अधिक आहे, आणि सरकारने या दोन गोष्टी वेगळ्या करायला लावल्या पाहिजेत.

पासवर्डची कथाही तशीच. जून २०२५ मध्ये रॅपिड-सेव्हन या संस्थेने दाखवून दिले की ब्रदर कंपनीच्या ६८९ मॉडेलांचा कारखान्यात घातलेला व्यवस्थापकीय पासवर्ड यंत्राच्या अनुक्रमांकावरून काढता येतो. आधी विकलेल्या यंत्रांत नुसत्या अपडेटने ही खोट पूर्ण जात नाही. पासवर्ड हाताने बदलावा लागतो. तो बदलणारा हात कुणाचा?

इंटरनेटवर उघडा राहिलेला प्रिंटर काय करू शकतो, हे नोव्हेंबर २०१८ मध्ये हसत-खेळत कळले. प्यूडीपाय हा यूट्यूबर आणि आपली टी-सिरीज यांच्यात सर्वाधिक सदस्यांसाठी चढाओढ चालू होती. प्यूडीपायच्या एका चाहत्याने प्रिंटर ऐकत असतो त्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर उघडी असलेली यंत्रे शोधली आणि सुमारे ५० हजार प्रिंटरांवर त्याच्या प्रचाराचे पत्रक छापले. त्याने पत्रकच छापले, हे नशीब. पाहुण्यांना देण्याचे वाय-फाय आणि प्रिंटरचे नेटवर्क एकच असेल, तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे जमू शकते. क्लिनिकच्या भिंतीवर वाय-फायचा पासवर्ड चिकटवणाऱ्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यावे.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला एक खास दुखणे येते. मंडळाचा अहवाल, शाळेचे परिपत्रक, सोसायटीची नोटीस अजूनही पुष्कळदा श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप होते. या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. प्रिंटरच्या ड्रायव्हरने वेग वाढवायला संगणकातल्या फॉन्टऐवजी प्रिंटरमधला फॉन्ट वापरायचे ठरवले, की पडद्यावर शुद्ध दिसणारी नोटीस कागदावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उतरते. युनिकोडमध्ये हा घोळ कमी, पण एखाद्या जुन्या ड्रायव्हरवर रफार उडतो आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र भलतीकडे जातो. पीडीएफ ‘इमेज’ म्हणून छापणे किंवा ड्रायव्हर बदलणे हा उपाय आहे. त्याहून बरे म्हणजे प्रिंटर घेतानाच दुकानात मराठीचे एक पान छापून बघणे. परिपत्रकापासून पोचपावतीपर्यंत सगळे मराठीत काढणारी कार्यालयेसुद्धा खरेदी करताना इंग्रजी चाचणी-पानावर समाधान मानतात, हे अजब आहे.

आजचे यंत्र नुसते छापत नाही, स्कॅनही करते, आणि तिथे चूक झाली तर ती दिसतही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक चक्रावणारी गोष्ट उघड केली. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर इमारतीचा नकाशा स्कॅन केला, तर खोल्यांची क्षेत्रफळे बदलत होती. १७.४२ आणि २१.११ चौरस मीटरच्या खोल्याही १४.१३ च्या होऊन बाहेर पडत होत्या. अक्षर पुसट झालेले नव्हते, आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. फाइल लहान करण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाचीच प्रत सगळीकडे लावत होते. कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्ती आणली. दुरुस्ती न घेतलेली यंत्रे मात्र चालतच राहतात, आणि गिरगाव-परळचा हा भाग तर पुनर्विकासाचा. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळण्यासाठी बीडीडी चाळीतल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे कागद जपले. लालबाग-परळच्या चाळीत एकेका फुटावरून बैठका तुटतात. अशा नकाशांच्या स्कॅन प्रती ज्या यंत्रावर निघतात, त्याचे सेटिंग आणि आवृत्ती कुणीतरी बघितलेली असावी, ही अपेक्षा फार नाही.

स्कॅन करून थेट ईमेलवर पाठवण्याची सोय अनेक ठिकाणी एका दिवसात बंद पडली. ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या नाव-पासवर्डवर जीमेलमध्ये शिरू देणे थांबवले. जुन्या यंत्रांना दुसरी पद्धत येत नव्हती. उपाय होता, वेगळा ‘ॲप पासवर्ड’ तयार करण्याचा. बऱ्याच जणांनी तो न शोधता कागदाचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली. पॅन कार्ड, आधार, रक्ताचे अहवाल सगळे कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये. गोपनीयतेची ऐशीतैशी अशी गुपचूप होते.

मोठ्या बहुउद्देशीय यंत्रांत हार्ड डिस्क असते. छापलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर उरू शकतात. मुंबईत ही यंत्रे सर्रास भाड्याने घेतली जातात, मुदत संपली की परत जातात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पोचतात. अमेरिकेत २०१० मध्ये सीबीएस वाहिनीच्या पत्रकारांनी जुनी कॉपियर विकत घेऊन त्यांच्या डिस्क वाचल्या. एकीवर न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेच्या रुग्णांचे कागद निघाले. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांच्या माहितीचा प्रश्न उभा राहिला आणि २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. परळच्या रुग्णालयांभोवती वसलेल्या लॅबनी, सोनोग्राफी केंद्रांनी भाडेकरारात डिस्क पुसून देण्याचे कलम आताच घालून घ्यावे. नंतर यंत्र कोणत्या गोदामात गेले ते सापडायचे नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की चार माणसांच्या कार्यालयाला आयटीचा माणूस परवडत नाही. परवडायची गरजही नाही. हिशेब बघणाऱ्या बाई, क्लासचा व्यवस्थापक, मंडळाचा चिटणीस, कुणीही चालेल. फक्त त्याचे नाव यंत्रावर चिकटवलेले हवे. प्रिंटरचा पत्ता, बदललेला पासवर्ड, शेवटचे अपडेट कधी घेतले आणि एएमसीचा करार कधी संपतो, एवढे एका वहीत असले की पुरे. प्रिंटर अचानक गप्प झाला तर आधी त्या माणसाला सांगायचे, मग राउटरला हात लावायचा. एएमसीच्या करारात कार्ट्रिज आणि रोलरच्या जोडीला अपडेटची एक ओळ वाढवायला सांगितले तर एएमसीवाला थोडे पैसे जास्त मागेल. ते द्यावेत.

घाई करण्याला एक कारणही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोजमधून पुरवणे टप्प्याटप्प्याने थांबेल आणि २०२७ च्या जुलैपासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर त्यांत बदल स्वीकारले जाणार नाहीत. पुढची यंत्रे आयपीपी या सर्वांना समान असलेल्या भाषेत संगणकाशी बोलतील. जुनी यंत्रे लगेच बंद पडणार नाहीत, पण संगणक बदलला की ड्रायव्हर शोधत फिरावे लागेल, आणि तो भलत्याच संकेतस्थळावरून उतरवला जाण्याचा धोका आहेच. तेव्हा यंदा दिवाळीला किंवा मार्चअखेर घसाऱ्याच्या हिशेबात नवा प्रिंटर बसवणाऱ्यांनी लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला पानामागे किती पैसे पडतात एवढेच विचारून थांबू नये. यंत्र आयपीपीवर चालते का, पासवर्ड बदलता येतो का, डिस्क असेल तर ती पुसायची सोय कुठे आहे, आणि आणलेली मराठी नोटीस तिथल्या तिथे नीट छापून दाखवता का, हेही विचारावे.